जादूसाठी झिजलेली चांदीची नाणी घ्यायची तर

मी टेबलाभोवती बसलेल्या चार-सहा माणसांसमोर नाण्यांची जादू करते. त्यांच्या डोळ्यांपासून माझे हात जेमतेम दोन फुटांवर असतात. इतक्या जवळून डोळा चुकवता येतो, कान चुकवता येत नाही. रिकाम्या समजल्या जाणाऱ्या मुठीत दोन नाणी एकमेकांवर घासून बारीकशी 'खर्र' झाली की संपलं. आम्ही म्हणतो, नाणं बोललं. म्हणून नाणी घेताना मी आधी त्यांचा आवाज बघते, रूप नंतर.

कोऱ्या नाण्यावरचा ठसा उठावदार असतो. एक नाणं दुसऱ्यावर सरकलं की उठावाला उठाव अडतो आणि खरखर होते. वर्षानुवर्षं हातोहात फिरलेल्या चांदीच्या नाण्याचा उठाव झिजून सपाट होतो आणि मग चार नाण्यांची चळत पसरली तरी चकार शब्द निघत नाही. तांबं-निकेलचं नाणं त्या मानाने कठीण, ते असं सहजासहजी झिजत नाही. शिवाय चांदीची किणकिण वेगळीच. पाचवं नाणं काचेच्या पेल्यात पडतं तेव्हा तो लांबणारा नाद लोकांना ऐकू यायलाच हवा असतो. सरकताना मुकं आणि पडताना बोलकं, असं नाणं आपल्याला हवंय.

फक्त झीज तोंडावर हवी, कडेवर नको. कडेवरच्या उभ्या खाचा तळहाताच्या मांसल भागात रुतून नाणं धरून ठेवतात. त्या गुळगुळीत झाल्या असतील तर घामेजल्या हातातून नाणं निसटणार. कोणतंही जुनं नाणं हातात घेतलं की मी आधी अंगठ्याचं नख कडेवरून फिरवते. नख अडखळलं पाहिजे.

जादूगारांच्या हातात सर्वात जास्त दिसतो तो अमेरिकी हाफ डॉलर. व्यास 30.6 मिलिमीटर, टाकसाळीतून निघताना वजन 12.5 ग्रॅम, त्यात 90 टक्के चांदी आणि उरलेलं तांबं. बार्बर छापाचे हाफ डॉलर 1892 ते 1915 या काळातले, 'वॉकिंग लिबर्टी' 1916 ते 1947, फ्रँकलिन 1948 ते 1963 आणि 90 टक्क्यांचा केनेडी फक्त 1964 चा. बार्बर नाणी चलनात सर्वात जास्त वर्षं राबली, त्यामुळे ती सर्वात चपटी आणि गुळगुळीत सापडतात. वॉकिंग लिबर्टी झिजली तरी चालणारी स्त्री ओळखू येते, प्रेक्षकाने हातात घेतलं तर त्याला बघायला काहीतरी राहतं. मी तीच वापरते. फ्रँकलिन आणि 1964 चा केनेडी तितके झिजलेले क्वचितच मिळतात, कारण 1960 च्या दशकातच लोकांनी चांदीची नाणी घरात दाबून ठेवायला सुरुवात केली आणि ती चलनातून लवकरच गेली.

चांदीचा डॉलर, म्हणजे मॉर्गन किंवा पीस, 38.1 मिलिमीटरचा आणि 26.73 ग्रॅमचा. तो लांबूनही झळकतो, पण माझा हात लहान आहे, दोन डॉलर लपवले की बोटं ताठरलेली दिसतात. घेण्याआधी एक नाणं तळहातात धरून हात सैल सोडा आणि आरशात बघा. हात अवघडलेला दिसला तर नाणं कितीही देखणं असो, ते तुमचं नाही.

आता भावाचं. झिजलेल्या, सर्वसाधारण सालाच्या नाण्याची किंमत म्हणजे मोडीचा भाव आणि वर थोडंसं. मोड काढायची ती छापील वजनावरून नाही, काट्यावरच्या वजनावरून. समजा, नाणं भरलं 11.8 ग्रॅम. त्याला 0.9 ने गुणलं की शुद्ध चांदी 10.62 ग्रॅम. चांदीचा भाव ग्रॅमला 100 धरला तर मोड झाली 1062. विकणारा कोऱ्या नाण्याचा हिशोब लावेल, 11.25 ग्रॅम चांदी, म्हणजे 1125. एका नाण्यामागे 63 चा फरक, पाच नाण्यांमागे 315. ही चांदी झिजून गेलेली आहे, तिचे पैसे आपण का द्यायचे? व्यापारीसुद्धा आपापसात हे धरूनच चालतात: एक डॉलर दर्शनी मूल्याच्या नाण्यांत मुळात 0.7234 ट्रॉय औंस चांदी असते, पण झिजलेल्या मालाला ते 0.715 धरतात. एक ट्रॉय औंस 31.1 ग्रॅमचा असतो. भाव बहुधा औंसाचा सांगतात, त्यामुळे आकडा ग्रॅमवर आणूनच बोलायला बसा.

वरचं 'थोडंसं' किती? मी निवडून घेतलेल्या सुट्या नाण्याला मोडीवर दहा टक्क्यांपर्यंत देते. एकसारखी झिजलेली चार-पाच नाणी कुणी आधीच जुळवून ठेवली असतील तर वीस टक्क्यांपर्यंत जाते, कारण त्याने माझे कित्येक तास वाचवलेले असतात. त्यापुढे नाही. पाठवणीचा खर्चही याच टक्क्यांत धरायचा. एकच नाणं मागवलं तर तो खर्चच नाण्याला खाऊन टाकतो, म्हणून आठ-दहा एकदम.

दुकानात 'जादूसाठी हवीत' असं सुरुवातीलाच सांगू नका. दुकानदाराने नाणं झिजलंय म्हणून सोडून दिलेलं असतं आणि आपण त्या झिजेलाच किंमत आहे असं त्याला सांगत असतो. 'जंक सिल्व्हर' म्हणून मागा. संग्राहकांना नको असलेला, चांदीच्या भावाने जाणारा माल व्यापारात याच नावाने ओळखला जातो. त्यातही अगदी गुळगुळीत झालेल्यांना 'स्लिक' आणि खराब झालेल्यांना 'कल' म्हणतात. या दोन शब्दांवर बहुधा एक वेगळा डबा तुमच्यासमोर येतो, आणि आपलं काम त्या डब्यात असतं.

प्रतवारीच्या शब्दांनी फसू नका. संग्राहकांच्या भाषेत 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे, जवळजवळ तळाची प्रत. एक ते सत्तरच्या मापावर 'गुड' चौथ्या पायरीवर येतं, 'व्हेरी गुड' आठव्या, 'फाइन' बाराव्या. आपल्याला या तीनच प्रती हव्यात. त्याखालच्या 'अबाउट गुड'मध्ये काठ झिजून अक्षरांत मिसळलेला असतो, कडेचा कोपरा गोल झालेला असतो आणि पकड जाते. 'एक्स्ट्रा फाइन'पासून वर ठसा शाबूत, म्हणजे पैसे जास्त आणि आवाजही जास्त.

काही सालांची नाणी बाजूला ठेवा. वॉकिंग लिबर्टीत 1921 ची तिन्ही टाकसाळींची नाणी आणि 1938 चं 'डी' म्हणजे डेन्व्हर टाकसाळीच्या खुणेचं दुर्मीळ. 1921 ची 'डी' फक्त 2,08,000 पाडली होती. मॉर्गनमध्ये 1893 चं 'एस', म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं, 1,00,000 च, आणि 'सीसी' म्हणजे कार्सन सिटीच्या खुणेची नाणी झिजली तरी महाग. जंकच्या डब्यात असं एखादं सापडलं तर मोडीच्या भावात घ्या, पण त्याच्यावर सराव करू नका. ते एखाद्या संग्राहकाला द्या आणि त्या पैशांत स्वतःसाठी अख्खा संच आणा.

संग्राहकाला जे खुपतं ते आपल्याला बहुतेक चालतं, स्वस्ताई तिथेच आहे. घासून चकचकीत केलेलं नाणं त्याला अजिबात चालत नाही, मला चालतं. बारीक चरे चालतात. मागच्या बाजूला कुणी आद्याक्षरं कोरलेली असतील तर मोठ्या मंचावर खपतं, टेबलाजवळ नाही, कारण ते एक नाणं ओळखीचं होऊन बसतं. न चालणारं एवढंच: भोक पाडलेलं, दागिन्यात बसवलेलं आणि कडेला डाग दिल्याचा (सोल्डरचा) ठिपका राहिलेलं, काठाला टोचा पडून टोक आलेलं, आणि वाकलेलं. वाक नजरेला दिसत नाही. नाणं काचेवर पालथं ठेवून काठावर बोट दाबा. ते डुगडुगलं तर परत डब्यात. टोचा शोधायला ओठ चांगले, पण डब्यातली नाणी तोंडाला लावू नका. मनगटाच्या आतल्या बाजूने कड फिरवली तरी कळतं.

मी एकदा दुरून दहा 'चांदीचे हाफ डॉलर' मागवले होते. फोटोत चळत होती, वरचं नाणं 1964 चं. आले तेव्हा तीन 1967 चे निघाले. 1965 ते 1970 या काळातल्या केनेडी हाफ डॉलरमध्ये 40 टक्केच चांदी असते आणि वजन 11.5 ग्रॅम, म्हणजे नाण्यात चांदी 4.6 ग्रॅम. पैसे मी नव्वदचे मोजले होते. विकणाऱ्याने 'चांदीचे' म्हटलं ते खोटं नव्हतं, म्हणून परतही घेतले नाहीत. त्यानंतर मी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो, सगळ्यांचं एकत्र वजन आणि कडांचा एक फोटो मिळाल्याशिवाय पैसे पाठवत नाही. 1971 पासून चलनासाठी काढलेल्या हाफ डॉलरमध्ये चांदी नसतेच, त्यांच्या कडेला तांब्याची लालसर रेघ उघड दिसते.

खोटी नाणीही बाजारात आहेत, विशेषतः डॉलरची. लोहचुंबकाला चिकटलं तर सरळ परत करा. न चिकटणं मात्र पुरेसं नाही, कारण पितळही चिकटत नाही. माझी खात्रीची परीक्षा पाण्याची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे दोऱ्याला टिचकी मारून उडवा. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. नव्वद टक्के चांदीला उत्तर 10.3 च्या आसपास येतं. 11.8 ग्रॅमच्या नाण्याला काटा 1.14 ते 1.15 दाखवेल. तांबं-निकेलचं असतं तर 1.32 च्या वर गेला असता. फरक एवढा की डोळे मिटून ओळखावं. एकेक करायचा कंटाळा असेल तर पाचही एकत्र बांधा, पण उत्तर बिघडलं तर मग एकेकच करावं लागतं.

संच जुळवताना सालाकडे बघू नका, जाडीकडे बघा. चळत करून डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि अंगठ्याने वरचं नाणं हळूच सरकवा. जे नाणं अडतं ते चळतीत वर-खाली फिरवून बघा, दरवेळी तेच अडत असेल तर ते काढा. दहातून पाच जमली तर नशीब चांगलं. उरलेली मोडीच्या भावात घेतलेली असल्यामुळे अडकून पडत नाहीत, परत विकता येतात. नाण्यावर बसणारं कवच किंवा दुसरं काही साधन पुढे करून घ्यायचं असेल तर आधी नाणी, मग साधन. झिजलेल्या नाण्याशेजारी कोऱ्या नाण्यातून केलेलं साधन लगेच उठून दिसतं.

चांदीच्या आणि तांब्याच्या नाण्याची अदलाबदल होते त्या जादूसाठी जोडीला जुनी ब्रिटिश ब्राँझची पेनी घ्या. तिचा व्यास 30.8 मिलिमीटर, हाफ डॉलरला जवळजवळ तंतोतंत, आणि ती स्वस्तात मिळते. तिचीही झीज तुमच्या चांदीच्या नाण्यांइतकीच हवी, नाहीतर चळतीत ती एकटीच बोलते.

घरी आणल्यावर कोमट पाण्यात साबणाने धुवा आणि कोरडी करा. काळी पडलेली असतील तर अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ठेवून, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात थोडा वेळ राहू द्या, काळेपणा उतरतो. पॉलिश पेपर मात्र लावू नका: झीज असमान होते, कडा जातात आणि चांदी धुळीत जाते. रोज तासभर हातात फिरवली की महिन्याभरात ती अंगच्या तेजाने उजळतात.