ट्रेबल, ट्रिक्सी, यांकी : एकत्र लावलेल्या बेट्सचा हिशेब कसा मांडावा

शनिवारच्या फुटबॉलवर ‘अ‍ॅका’ लावणे हा ब्रिटनमधला जुना शौक. अ‍ॅका म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर : अनेक सामन्यांचे अंदाज एकाच स्लिपवर, आणि सगळे बरोबर आले तरच पैसे. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाच्या हातातही ऑफिसातल्या कुणाबरोबर कधीतरी अशी स्लिप पडतेच. मिळणारा आकडा अ‍ॅप दाखवते, पण तो कुठून आला हे कागदावर मांडले की बऱ्याच गोष्टी उघड होतात.

आधी भाव दशांशात आणा. ब्रिटिश बुकी भाव अपूर्णांकात लिहितात. भागाकार करा आणि 1 मिळवा. 4/5 म्हणजे 0.8 अधिक 1, म्हणजे 1.80. हा मिळवलेला 1 म्हणजे तुमचेच लावलेले पैसे. परत येणाऱ्या रकमेत ते धरलेले असतात, म्हणून नफा काढताना ते वजा करायला विसरू नका.

मग गुणाकार. समजा आर्सेनल 1.50, लिव्हरपूल 1.80 आणि न्यूकॅसल 2.20 अशा भावाने तिघेही जिंकणार, असा ट्रेबल लावला. 1.50 × 1.80 × 2.20 = 5.94. दहा पौंड लावले तर 59.40 परत, त्यात नफा 49.40. न्यूकॅसलने बरोबरी केली तर शून्य. सामना रद्द होऊन एखादा अंदाज बाद ठरला, तर साधारणपणे त्याचा भाव 1 धरतात. न्यूकॅसल असा गळला तर 2.70 चा डबल उरतो आणि 27 पौंड येतात. कप सामन्यांत आणखी एक मेख असते : निकाल बहुधा 90 मिनिटे आणि इंज्युरी टाइमपर्यंतचाच धरतात. एक्स्ट्रा टाइममध्ये जिंकलेला संघ तुमच्या स्लिपवर हरलेलाच असतो.

आता ट्रिक्सी, आणि इथे सावकाश वाचा. एक सामना चुकला तरी काहीतरी हाती लागावे म्हणून ‘सिस्टिम’ बेट निघाल्या. ट्रिक्सीत त्याच तीन सामन्यांचे तीन डबल आणि एक ट्रेबल, म्हणजे चार स्वतंत्र बेट असतात. त्यामुळे स्लिपवर दहा पौंड लिहिले की खिशातून चाळीस जातात. नवखा माणूस हमखास गोंधळतो तो इथेच.

तिन्ही जिंकले तर : 2.70 + 3.30 + 3.96 + 5.94 = 15.90, म्हणजे 159 पौंड. तेच चाळीस पौंड नुसत्या ट्रेबलवर लावले असते तर 237.60 आले असते. सुरक्षिततेची ही किंमत एक वेळ मान्य करू. पण फक्त दोनच जिंकले तर? आर्सेनल आणि लिव्हरपूल जिंकून 27 पौंड येतात, चाळीसातले तेरा गेले. सगळ्यात चढ्या भावाची जोडी, लिव्हरपूल आणि न्यूकॅसल, जिंकली तरी 39.60. तीनातले दोन अंदाज बरोबर, आणि तरीही 40 पेन्सचा तोटा! भाव कमी असले की ट्रिक्सीचे हे कवच कागदीच ठरते.

बाकीची नावे पटकन : पेटंट म्हणजे ट्रिक्सी अधिक तीन सिंगल, एकूण 7 बेट. चार सामन्यांची यांकी 11 बेटची, त्यात सिंगल धरले की लकी 15. सहा सामन्यांची हाइन्झ 57 बेटची. हे नाव केचपवाल्यांच्या ‘57 प्रकारां’वरून पडले. आठ सामन्यांची गोलियाथ तर तब्बल 247 बेटची.

शेवटी बुकीचा वाटा काढा. एका सामन्याचे तिन्ही भाव घ्या, समजा 1.80, बरोबरीला 3.75 आणि 4.50. प्रत्येकाने 100 ला भागा : 55.56 + 26.67 + 22.22, बेरीज 104.45 च्या आसपास. शंभरावरचे हे साडेचार बुकीचे. हा वाटा तिन्ही भावांत सारख्या प्रमाणात धरला तर लावलेल्या पौंडाची सरासरी किंमत 96 पेन्स उरते. सामने जोडत गेलात की भावांबरोबर हा कापही गुणला जातो : पाच सामन्यांत सुमारे 80 पेन्स, दहा सामन्यांत 65. बुकी अ‍ॅकावर बोनस का देतात, ते यातून कळावे.

एकाच सामन्यातले अंदाज जोडायचे असतील, उदाहरणार्थ संघ जिंकणार आणि त्याचाच स्ट्रायकर गोल करणार, तर हा गुणाकार चालत नाही. एक घडले की दुसऱ्याची शक्यता वाढते, म्हणून बुकी त्याला वेगळा, कमी भाव देतो.

भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 साली संसदेने बंदीचा कायदा केला, त्यामुळे हे गणित इथे अ‍ॅपवर आजमावायला जाऊ नका. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर टोटचे ट्रेबल आणि जॅकपॉट असतात, पण त्यांची रीत निराळी. तिथे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, क्लबचा वाटा आणि कर वजा होतात आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत वाटली जाते. तिकीट काढताना त्याचा भाव किती पडेल, हे खिडकीमागच्या माणसालाही ठाऊक नसते.