खाऊ जिवाणूंना घाला, पण खुर्चीतून उठायचं तुम्हालाच

आतड्यातल्या जिवाणूंना खाऊ घातलं की उतारवयातही पायांत जोर राहतो, असं म्हणतात. ते पडताळायचं तर सुरुवात स्वयंपाकघरातून नको, खुर्चीपासून करा. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवा, हाताची घडी छातीशी घ्या आणि पाच वेळा पूर्ण उठून बसा. मोबाईलवर वेळ लावा. 15 सेकंदांहून जास्त लागले, तर पायांतला जोर कमी झालाय असं धरतात. आकडा कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. तोल जात असेल तर हे एकट्याने करू नका.

आता पोटाकडे. चोथा (फायबर) आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतो. त्यातून ते ब्युटिरेट, प्रोपिओनेटसारखी आम्लं तयार करतात आणि त्यांतला काही भाग रक्तावाटे अंगभर जातो. 2019 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांना दिसलं, की जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांचे स्नायू बारीक आणि अशक्त राहतात. नेहमीच्या उंदरांचे जिवाणू त्यांच्या पोटात गेले की स्नायू भरतात. पण ते उंदीर. लंडनमध्ये साठीपुढच्या 36 जुळ्या जोड्यांवर 12 आठवडे प्रयोग झाला. व्यायाम आणि प्रथिनं सगळ्यांनाच, जिवाणूंचं खाद्य मात्र निम्म्यांनाच. मोजमाप हेच, खुर्चीतून उठण्याचं. त्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही; खाद्य घेणाऱ्यांची स्मरणशक्तीची चाचणी तेवढी सुधारली. म्हणून पायांच्या जोरासाठी या खाद्याची नुसती पावडर आणून डब्यात ठेवलीत, तर पैसे पाण्यात.

जिवाणूंचं खाद्य घरातच आहे. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. थंडीत पुरचुंडी डब्यात घालून गॅसजवळ ठेवा, नाहीतर मोड रुसतात. पहिला आठवडा अर्धीच वाटी उसळ घ्या. एकदम वाढवलीत तर पोट फुगेल आणि दोष बिचाऱ्या मटकीला लागेल. मग ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, कच्चा कांदा हळूहळू वाढवा. पाणीही वाढवा, नाहीतर पोट साफ होणार नाही.

जेवणासोबत घरच्या विरजणाचं ताक घ्या. 2021 मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासात दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार वाढलेले दिसले. कढी मला ताकाहून प्रिय, पण उकळली की त्यातले जिवाणू मेले, हे मान्य करावं लागतं.

डाळिंब आणि अक्रोड खा, चांगलेच आहेत. त्यांतल्या घटकांपासून काही जणांच्या आतड्यात युरोलिथिन ए नावाचं द्रव्य बनतं आणि ते स्नायूंना उपयोगी पडतं असं काही चाचण्यांत दिसलंय. पण ते बनवणारे जिवाणू सगळ्यांकडे नसतात. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आपल्या आतड्याला नाही!

प्रथिनांचा हिशेब मात्र चुकवू नका. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. वरणाच्या एका वाटीत ती भागत नाहीत. अंडी, मासे, दूध, पनीर, सोयाबीन यांतलं चालेल ते प्रत्येक जेवणात हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि व्यायाम. दिवसाआड दहा-दहा उठबशा तीन वेळा, त्याच खुर्चीवर. जमायला लागलं की पिशवीत दोन किलो तांदूळ घालून ती छातीशी धरा. चालणंही सोडू नका. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सहा आठवडे धावणं-सायकल करणाऱ्यांचे, विशेषतः सडपातळ लोकांचे, ब्युटिरेट बनवणारे जिवाणू वाढले होते. व्यायाम थांबवला आणि ते बरेचसे मूळ पदावर आले.

उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सर्दी झाली म्हणून मनाने घेऊ नका. त्या चांगल्या जिवाणूंनाही मारतात.

तीन महिन्यांनी तीच खुर्ची, तीच वेळ, पुन्हा पाच वेळा. आकडा हललाच नसेल किंवा वाढला असेल, तर ताकाचं प्रमाण बदलत बसू नका. डॉक्टरांकडून साखर, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या.