ट्रकचं लायसन्स काढताय? आधी कार्डावरची तारीख बघा

जड वाहनाच्या लर्निंगसाठी हलक्या मोटारीचं लायसन्स किमान १ वर्ष जुनं लागतं. दुचाकीची वर्षं यात धरत नाहीत, आणि नेमकी इथेच गफलत होते.

१. कार्डावर एलएमव्ही (म्हणजे हलकी मोटार) समोरची तारीख बघा. वय २० पूर्ण हवं.
२. ड्रायव्हिंग स्कूलची फी भरण्याआधी डॉक्टरांकडून नजर तपासून घ्या, रंग ओळखण्याचीसुद्धा. फॉर्म १-ए, म्हणजे वैद्यकीय दाखला, त्यावर त्यांची सही लागतेच. दोष निघाला तर निदान फीचे हजारो रुपये वाचतात.
३. मग परवाना असलेल्या स्कूलमध्ये शिका. फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला, तिथूनच मिळतो.

न शिकवता फॉर्म ५ देणारे भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका. भरलेला ट्रक घाटात खालच्या गिअरवर उतरवायचा असतो, हे शेजारी उस्ताद बसवूनच शिकावं.