बॅकटेस्टचा डेटा: सर्व्हरवरचा की डिस्कवरचा?

तीच सिस्टिम, तोच कालावधी, तरी महिनाभराने बॅकटेस्टचा (जुन्या भावांवर घेतलेल्या ट्रेडिंग सिस्टिमच्या चाचणीचा) आकडा वेगळा आला, तर कोडआधी डेटा तपासा. स्प्लिट किंवा लाभांश झाला की अ‍ॅडजस्टेड डेटा देणारे सर्व्हर मागचे भाव नव्याने मोजतात. अ‍ॅपलचा २८ ऑगस्ट २०२० चा बंद भाव ४९९.२३ डॉलर होता. ३१ तारखेला एकाचे चार शेअर झाल्यावर तोच १२४.८१ दिसू लागला. ‘भाव ३०० च्या वर असेल तरच खरेदी’ हा नियम त्या दिवसासाठी आता लागूच होत नाही.

म्हणून चाचणी डिस्कवरच्या, न बदलणाऱ्या प्रतीवर करा. ती भरण्यापुरता सर्व्हर वापरा.

जागेची चिंता नको. मिनिटाच्या कॅन्डलमध्ये (एका मिनिटातल्या व्यवहारांची नोंद) वेळ, चार भाव (सुरुवातीचा, सर्वात वरचा, सर्वात खालचा, बंद) आणि व्हॉल्यूम, प्रत्येकी ८ बाइट धरून ४८ बाइट होतात. अमेरिकी बाजाराप्रमाणे दिवसाला ३९० कॅन्डल आणि वर्षाला २५२ दिवस धरले, तर ५०० शेअरची १० वर्षे साधारण २३.६ जीबी, आणि पार्के (Parquet, डेटा दाबून साठवणारा प्रकार) फाईलमध्ये त्याहून कमी. टिक डेटा (एकेका सौद्याची नोंद) मात्र अफाट वाढतो; तो लागेल तेवढाच उतरवा.

उतरवताना अ‍ॅडजस्ट न केलेले भाव घ्या आणि स्प्लिट-लाभांशाची फाईल वेगळी ठेवा. डीलिस्ट झालेले (बाजारातून काढलेले) शेअरही घ्या, नाहीतर फक्त टिकलेल्या कंपन्यांवर चाचणी होते आणि नफा फुगतो. ४२९ एरर (फार वेगाने मागण्या केल्या, असे सर्व्हर सांगतो) आली तर १, २, ४, ८ सेकंद असे थांबत पुन्हा मागा. त्याहून वाईट चूक गुपचूप होते: सर्व्हर उत्तर पानापानाने देतो, पुढचे पान मागायचे राहिले तर एरर येत नाही, डेटा मात्र अर्धाच येतो. रोजच्या कॅन्डल मोजा. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये काही मिनिटे रिकामी असणारच, पण बऱ्याच शेअरच्या कॅन्डल एकाच वेळी गायब असतील तर उतरवण्यात गडबड आहे.

वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा. कॅन्डलवर सुरुवातीची वेळ आहे की शेवटची, हे सत्राच्या पहिल्या कॅन्डलवरून कळते: बाजार उघडण्याचीच वेळ दिसली तर सुरुवातीची. मग न्यूयॉर्कच्या वेळेने ९:३० च्या कॅन्डलचा बंद भाव ९:३१ लाच कळतो. तो ९:३० ला वापरणारी सिस्टिम भविष्य पाहते, आणि असा निकाल कितीही देखणा असला तरी टाकून द्यावा.

नवा डेटा सत्र संपल्यावरच जोडा. आधीचे ५ दिवसही पुन्हा मागवून जुन्याशी ताडा. फरक निघाला तर जुनी फाईल पुसू नका, नवी आवृत्ती करा. प्रत्येक निकालासोबत फाईलचा एसएचए-२५६ (फाईल जराही बदलली तर बदलणारा ठसा) लिहून ठेवा.

प्रत्यक्ष सौदे सुरू करण्याआधी शेवटची २० सत्रे सर्व्हर आणि डिस्क दोन्हींवर चालवून सौदे जुळवा. जुळले नाहीत तर आधी इंडिकेटरला मिळालेला इतिहास मोजा. २०० कॅन्डलच्या ईएमएमध्ये (ताज्या भावांना जास्त वजन देणारी चल सरासरी) सुरुवातीच्या आकड्याचा वाटा २०० कॅन्डलनंतरही सुमारे १३.५ टक्के असतो, ८०० नंतर ०.०३ टक्के. सर्व्हर एका मागणीत ५०० कॅन्डल देत असेल, तर दोन मागण्या करा.