पावसातली एन्ड्युरन्स रेस: पिट वॉलवर आणि कॉकपिटमध्ये होणाऱ्या या चुका टाळा

जून २०२४ मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या रेसला रात्री पावसाने असं झोडपलं, की चार तासांहून जास्त वेळ सगळ्या गाड्या सेफ्टी कारमागे (धोक्याच्या वेळी पुढे राहून वेग रोखणारी गाडी) रांग लावून फिरत होत्या. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी झेंडा पडला तेव्हा फेरारीची ५० नंबरची ४९९पी आणि टोयोटाची ७ नंबरची गाडी यांच्यात फरक उरला होता १४.२२१ सेकंदांचा. एक टायर उलट्या बाजूला बसला तरी एवढा वेळ पिटमध्ये (टायर-इंधनासाठी थांबण्याच्या जागी) सहज जातो.

त्या रेसमध्ये ६२ गाड्या होत्या: २३ हायपरकार आणि १६ एलएमपी२ (दोन्ही खास रेससाठी बांधलेल्या गाड्या, म्हणजे प्रोटोटाइप), आणि २३ एलएमजीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारच्या रेसिंग आवृत्त्या, पुढे नुसतं जीटी३). पाऊस तिन्ही वर्गांना सारखा भिजवतो, पण अडचणीत वेगवेगळ्या ठिकाणी आणतो. खालच्या चुका मोठमोठ्या टीम करतात, आणि सिमवर (रेसिंग सिम्युलेटरवर) रात्र जागवणारी चार मित्रांची टीमही त्याच करते.

आभाळ बघून टायर ठरवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रडारवर हिरवा-पिवळा ढग दिसला की पिट वॉलवर (ट्रॅकलगत टीमचे लोक बसतात त्या कट्ट्यावर) चुळबुळ सुरू होते. पण ल माँचा सार्थ ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा आहे. पिटसमोर छत्र्या उघडलेल्या असतात तेव्हा म्युल्सानच्या सरळ रस्त्यावर धूळ उडत असते, आणि कधी बरोबर उलटं. टायर ठरवायचा तो सेक्टरच्या (ट्रॅकच्या एकेका भागाच्या) वेळांवरून. स्लिकवरची (कोरड्यासाठीचे गुळगुळीत टायर) लॅप वेटवरच्या (पाण्यासाठीचे खाचांचे टायर) लॅपपेक्षा हळू व्हायला लागते तो क्षण म्हणजे क्रॉसओव्हर. तोही एकटा पुरेसा नाही, सर किती वेळ टिकणार याचा हिशेब त्याला जोडावा लागतो.

समजा, ओल्या तुकड्यामुळे स्लिकवर दर लॅपला वेटपेक्षा १५ सेकंद जास्त जातायत आणि सर तीन लॅपमध्ये आटोपणार आहे. नुकसान ४५ सेकंद. वेट लावून परत स्लिकवर यायचं तर पिटच्या दोन जादा फेऱ्या, त्याही पिट लेनमध्ये ६० किमीच्या मर्यादेने. म्हणजे बाहेर राहणंच स्वस्त. तीच सर आठ लॅप चालणार असेल तर दोन मिनिटं जातील आणि हिशेब पालटेल. २०२४ मध्ये पहिल्या सरीला कारखान्याच्या दोन्ही फेरारी वेटवर गेल्या आणि पिवळी ८३ नंबरची स्लिकवरच राहिली. सर लवकर ओसरली आणि पिवळी गाडी आघाडीवर आली.

हायपरकारला मिशेलिनचे स्लिक तीन प्रकारचे मिळतात, पण ओल्यासाठी वेट हा एकच. मधला पर्याय नसल्यामुळे ‘थोडंसं ओलं आहे’ या अवस्थेत कुठला तरी एक टायर चुकीचाच असतो. कमी चुकीचा कुठला, एवढंच ठरवायचं.

दुसरी गोष्ट रेडिओची. ‘स्लिक की वेट?’ असं ड्रायव्हरला विचारून मोकळं होऊ नका. त्याला फक्त स्वतःच्या काचेपुढचं दिसतं. इंजिनिअरसमोर सगळ्या गाड्यांच्या वेळा असतात. ड्रायव्हरला विचारायचं ते नेमकं: वायपर सतत लागतोय की अधूनमधून? पाणी कुठे वाहतंय, कुठे साचलंय? तेर्त्र रूजच्या वळणातून बाहेर पडताना ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) किती वेळा मध्ये येतोय? आणि हे सगळं गाडी म्युल्सान कॉर्नरला असेपर्यंत विचारून झालेलं हवं. पिटचा रस्ता पोर्श कर्व्ह्जनंतर, फोर्ड शिकेनच्या अलीकडे वळतो. त्याआधीचं आर्नाज वळण ओलांडल्यावर घेतलेला निर्णय म्हणजे कव्हर न काढलेले टायर आणि धावणारे मेकॅनिक. तो वळसा चुकला, तर चुकीच्या टायरवर आणखी १३.६ किलोमीटर.

ट्रॅक वाळू लागला की सगळ्यात चांगला हवामानखाता म्हणजे स्लिक लावून बाहेर पडलेली पहिली गाडी, मग ती जीटी३ का असेना. तिची पहिली लॅप बघू नका, टायर गार असतात. दुसऱ्या लॅपला तिचा एखादा सेक्टर तिच्या वर्गातल्या वेटवरच्या गाड्यांपेक्षा चांगला आला, की आपला सेट बाहेर काढा.

दुपारी भरलेली हवा पहाटे वापरणं

ल माँ ज्यात येते त्या वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपमध्ये टायर गरम करायची सोय बंद आहे. टायर गॅरेजच्या तापमानालाच गाडीवर चढतो. त्यामुळे हवेचा दाब ही पावसाळी रात्रीची खरी डोकेदुखी ठरते, आणि याच कामात आळस होतो.

हिशेब सोपा आहे, फक्त गेजवरच्या आकड्यात वातावरणाचा १ बार मिळवूनच करायचा. गेजवर १.४० बार म्हणजे प्रत्यक्षात २.४० बार. आतली हवा १० अंशांनी तापली की दाब साधारण ०.०८ बार वाढतो. आता एक सेट दुपारी २८ अंशांत १.४० वर भरून ठेवला आणि पहाटे तीनला, बाहेर १२ अंश असताना, तसाच उचलला. गेज दाखवेल जेमतेम १.२७. ही ०.१३ बारची तूट घेऊन ड्रायव्हर थंड, ओल्या ट्रॅकवर जातो. टायर लोळतो, खांद्यावर झिजतो, तापत नाही. तापत नाही म्हणून दाब वाढत नाही, आणि दाब नाही म्हणून पकडही नाही.

दुसरी बाजू अशी: २० अंशांना १.४० ने सुरू केलेला स्लिक कोरड्यात आतून ८० अंशांपर्यंत तापला तर १.९० च्या आसपास पोचतो. तोच टायर दमट ट्रॅकवर ५२ अंशांवर अडकला तर १.६६ वरच राहतो. त्या परिस्थितीत १.९० हवे असतील तर सुरुवात १.६० च्या आसपास करावी लागेल. वेटलाही हाच न्याय. पाण्यावर तो कमी तापतो म्हणून सुरुवातीचा दाब जास्त, शिवाय जास्त दाबाने टायरचा माथा उठून राहतो आणि पाणी कापतो. पण ट्रॅक वाळला की तोच दाब भराभर चढतो आणि रबराचे ठोकळे तुटून पडायला लागतात.

म्हणून दर दोन तासांनी, आणि गॅरेजचं तापमान पाच अंशांनी बदललं की लगेच, तयार असलेले सगळे सेट पुन्हा तपासायचे. गेज एकच, माणूस एकच. सेट स्लिकचा असो वा वेटचा, दमट आणि कोरड्यासाठी दोन वेगळे दाब लिहून ठेवायचे.

आणि लिहायचं ते खडूने नाही! पावसात खडू धुऊन जातो. वेटच्या खाचांना दिशा असते. डावा टायर उजवीकडे बसला तर पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा ते आत ओढतात. टायरच्या बाजूवर बाण असतो, पण भर पावसात, हेल्मेटच्या काचेतून तो दिसेलच असं नाही. जाड पेंट मार्करने कोपऱ्याचं नाव लिहा आणि डाव्या-उजव्या बाजूचे टायर गॅरेजच्या दोन टोकांना ठेवा.

दुसऱ्या वर्गाच्या गाडीला कोरड्यातलं गणित लावणं

कोरड्यात हायपरकार जीटी३ ला कुठेही गिळते. ओल्यात तसं नसतं. जीटी३ ला एबीएस आहे, हायपरकार आणि एलएमपी२ ला नाही. हायपरकारचं किमान वजन १,०३० किलो, जीटी३ त्याहून अडीचशे-तीनशे किलोंनी जड. हायपरकार डाउनफोर्सवर (हवेने गाडी खाली दाबणाऱ्या जोरावर) जगते. वेग उतरला की तो डाउनफोर्सही जातो, आणि जमिनीलगतचा सपाट तळ साचलेल्या पाण्यावर होडीसारखा तरंगतो. परिणामी हळू वळणाच्या ब्रेकिंगला जीटी३ अपेक्षेपेक्षा उशिरा ब्रेक मारते, आणि मागून येणारा प्रोटोटाइपवाला तिच्या मागच्या बंपरवर जाऊन पोचतो.

ओव्हरटेकिंगचं ठिकाण सरळ रस्त्यावर, ब्रेकिंगच्या बरंच आधी निवडा. म्युल्सानचा सरळ रस्ता एरवी सार्वजनिक रस्ता आहे, ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चरांसकट. पावसात त्या चरांत पाणी उभं राहतं. आपल्याकडे हायवेवर डाव्या लेनमधून बाहेर येताना स्टिअरिंग क्षणभर हलकं होतं, तेच इथे तिप्पट वेगाने होतं. चर ओलांडायचा तर स्टिअरिंग सरळ आणि थ्रॉटल स्थिर. ओलांडता ओलांडता वळणं किंवा पाय उचलणं, दोन्हींनी गाडी फिरते.

वाळत्या ट्रॅकवर आणखी वाईट. कोरडी रेघ एका गाडीपुरतीच असते. स्लिकवर पुढे जायचं तर ओल्यात उतरावं लागतं, आणि तिथून ब्रेक मारावा लागतो. दोन वळणं थांबण्याची किंमत दोन-तीन सेकंद, गाडी भिंतीवर जाण्याची किंमत अख्खी रेस.

जीटी३ च्या ड्रायव्हरची नेहमीची चूक म्हणजे सौजन्य. मागे दिवे चमकले की तो घाईने बाजूला होतो, नेमका त्याच बाजूला जिथून मागचा यायला निघालेला असतो. आपली रेघ धरून राहा, जागा शोधणं मागच्याचं काम. फवाऱ्यात त्याला तुमचा फक्त लाल दिवा दिसतो, आणि तो दिवा एकाच जागी राहावा एवढीच त्याची अपेक्षा असते.

ओल्यासाठी केलेले बदल तसेच राहून जाणं

पावसात ब्रेकची हवा अडवायला डक्टवर (हवा आत नेणाऱ्या तोंडावर) टेप लावतात. प्रोटोटाइपच्या कार्बन डिस्क सुमारे ३०० अंशांखाली नीट पकडत नाहीत, त्यामुळे टेप हवाच. जीटी३ च्या स्टीलच्या डिस्कना ही अडचण कमी. पण ट्रॅक वाळला, स्लिक लागले आणि टेप तशीच राहिली, की डिस्क जळायला लागते. चुकतं ते असं: वेट काढण्याचा स्टॉप घाईचा असतो आणि टेप लावणारा माणूस तोवर शिफ्ट संपवून झोपलेला असतो. टेपला भडक रंगाचं शेपूट सोडा, आणि स्लिकचा सेट उचलणाऱ्यालाच टेप काढायची जबाबदारी द्या.

तसाच ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी. ओल्यात वजन पुढे कमी सरकतं म्हणून बायस मागे घेतात. कोरड्यावर तो पुढे आणला नाही तर पहिल्याच जोरदार ब्रेकला मागची चाकं अडकतात. ट्रॅक्शन कंट्रोल आणि वायपरचं तेच. एका छोट्या कार्डावर चार ओळी पुरतात, आणि त्या रेडिओवर वाचून दाखवायच्या.

ओले बूट

ही चूक क्षुल्लक वाटते. ड्रायव्हर बदलताना नवा माणूस ओल्या काँक्रीटवरून धावत येतो आणि ओल्या तळव्यांनी पेडलवर बसतो. पहिल्याच ब्रेकला पाय घसरतो. गाडीच्या दारापर्यंत रबरी मॅट टाका, आणि दाराशी एक जण कोरडा टॉवेल घेऊन उभा ठेवा, आत शिरण्याआधी तळवे पुसायला. हेल्मेट गाडीत बसेपर्यंत झाकून ठेवा. आत गेलेलं पाणी पाच मिनिटांत काचेवर वाफ होऊन येतं. पुढच्या काचेवर एकावर एक चढवलेल्या फिल्म पावसाआधी पाहून घ्या, कड सुटलेली असेल तर वायपरचं पातं तिथेच अडकतं आणि अर्धी फिल्म काचेवर फडफडत राहते.

सेफ्टी कार म्हणजे विश्रांती समजणं

ल माँला आधी तीन सेफ्टी कार निघतात, मग तिन्ही रांगा एक करून गाड्या वर्गवार लावल्या जातात. सरासरी १०० किमी वेगाने एक फेरा आठ मिनिटांचा. टायर आणि ब्रेक गार होतात, ड्रायव्हरचं घड्याळ मात्र चालू राहतं. नियम असा, की कुठल्याही सहा तासांत एका ड्रायव्हरने चार तासांहून जास्त चालवायचं नाही, आणि एकूण १४ तासांहून जास्त नाही. सर्वांत वेगवान माणसाला रांगेत दोन तास बसवलंत, तर रेस सुटेल तेव्हा तो नियमाने बाहेर.

एलएमजीटी३ मध्ये ब्रॉन्झ (सर्वांत खालच्या श्रेणीच्या, हौशी) ड्रायव्हरला किमान सहा तास चालवावं लागतं. ही रांग त्याच्यासाठी सोन्यासारखी आहे. इतरांशी वेगाची तुलना नाही आणि तास मात्र भरतात. फक्त रेस सुटण्याआधी त्याला बाहेर काढायचा स्टॉप आधीच आखून ठेवा. सेफ्टी कार आत जाणार अशी घोषणा झाल्यावर सगळेच पिटकडे वळतात, आणि बाहेर पडताना पिट लेनच्या टोकाला लाल दिवा लागलेला असतो.

रेस ठरल्या वेळीच संपेल असं धरून चालणं

२०१३ मध्ये फुजीच्या सहा तासांच्या रेसमध्ये खरी स्पर्धेची एकही लॅप झाली नाही. सेफ्टी कारमागचे मोजके फेरे, निकाल जाहीर, निम्मे गुण. २०१५ ची पेटी ल माँ ही रोड अटलांटावरची दहा तासांची रेस पावसाने आठ तासांच्या आतच थांबवली, आणि सगळ्या प्रोटोटाइपना मागे टाकून जिंकली ती जीटी वर्गातली पोर्श ९११ आरएसआर. टँडी, पिले आणि लीट्झ यांची गाडी, इंजिन मागच्या चाकांवर, ओल्यात ट्रॅक्शन तिचंच.

पाऊस वाढत असेल तर ‘पुढच्या स्टिंटला भरून काढू’ (स्टिंट म्हणजे दोन पिट स्टॉपमधली धाव) हा बेत गुंडाळा. रेस थांबवणारा लाल झेंडा निघाला तर तेव्हाची जागा हीच शेवटची ठरू शकते. इंधन पुरत असेल तर स्टॉप पुढे ढकला, आणि मोकळा हात द्यायचा असेल तर सगळ्यात भरवशाच्या ड्रायव्हरला याच तासात द्या. २०१९ च्या डेटोना २४ मध्ये दुसरा लाल झेंडा निघण्याच्या थोडं आधी आघाडीवरचा फेलिपे नासर पहिल्या वळणावर रुंद गेला, फर्नांडो अलोन्सो आतून निघाला, आणि त्यानंतर रेस पुन्हा सुरू झालीच नाही.