घरावरचं सोलर आणि सावली: या चुका टाळा

जागेची पाहणी मे महिन्यात करून पॅनेल बसवणं ही बहुतेक तक्रारींची सुरुवात. मेच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळे गच्चीवर सावली जवळपास दिसतच नाही. डिसेंबरअखेर तोच सूर्य दुपारी साडेबाराला जेमतेम ४८ अंशांवर येतो. मीटरभर उंच कठड्याची सावली तेव्हा ९० सेंमी पडते आणि सकाळी साडेनऊला पावणेदोन मीटरच्या पुढे, वायव्येकडे तिरकी. पॅनेलच्या खालच्या कडेपासून दक्षिणेचा कठडा जितका वर असेल, त्याच्या सव्वापट अंतर सोडा. मग हिवाळ्यातही साडेनऊ ते साडेतीन या वेळेत त्याचा त्रास नाही. जागा कमी असेल तर स्ट्रक्चर (पॅनेलचा सांगाडा) उंच करा.

दुसरी चूक पॅनेल उभं की आडवं याची. हे सहसा जागेच्या सोयीने ठरतं, आणि तिथेच फसगत होते. पॅनेलमधले सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात. एक झाकला की सगळ्या ओळीचा करंट अडतो. म्हणून पॅनेलचे तीन हिस्से करून प्रत्येकाला बायपास डायोड दिलेला असतो; तो सावलीतला हिस्सा वगळून करंट पुढे जाऊ देतो. जुन्या ६० किंवा ७२ सेलच्या उभ्या पॅनेलची फक्त खालची ओळ कठड्याच्या सावलीत गेली, तर तिन्ही हिस्से एकदम जातात आणि पॅनेल जवळपास बंद पडतं. आडवं असेल तर एकच हिस्सा जातो. हाफ-कट (अर्धे कापलेले सेल असलेल्या) पॅनेलचे वरचा आणि खालचा भाग समांतर जोडलेले असल्याने ते उभं असूनही साधारण निम्मं चालतं.

डिश, वीजरोधकाचा दांडा, केबलची वायर यांना कुणी मोजत नाही. २५ मिमीच्या पाइपची गडद सावली सुमारे पावणेतीन मीटरपर्यंत टिकते, पुढे ती फिकट होते. दांडा पॅनेलच्या उत्तरेला लावायला सांगा.

वीज कमी येतेय अशी शंका असेल तर सोलरच्या ॲपमधला निरभ्र दिवसाचा आलेख पाहा. रोज ठरावीक वेळी खड्डा दिसला तर सावली. दिवसभर सगळीच रेषा खाली असेल तर आधी धूळ धुवा. ५४० वॅटच्या पॅनेलचा एक हिस्सा वगळला गेला की स्ट्रिंगचा (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेचा) व्होल्टेज सुमारे १४ व्होल्टने उतरतो. सावली सरल्यावरही तो तितकाच कमी राहिला तर डायोड शॉर्ट झालेला असू शकतो. ते काम तंत्रज्ञाचं. चालू सिस्टीमचे डीसी कनेक्टर ओढून काढू नका, ठिणगी जीवघेणी असते. आधी एसी, मग डीसी आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) बंद.

बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) सावलीसाठी वेगळं स्कॅन असतं, म्हणजे सर्वात जास्त वीज कुठल्या व्होल्टेजला मिळते ते शोधण्याची सोय, ते चालू आहे का हे इन्स्टॉलरला विचारा. ते नसेल तर एका पॅनेलवरच्या सावलीपायी इन्व्हर्टर चुकीच्या व्होल्टेजवर अडकू शकतो आणि अख्खी स्ट्रिंग मंदावते. सावलीतली पॅनेल वेगळ्या एमपीपीटीवर (इन्व्हर्टरच्या स्वतंत्र इनपुटवर) घेणं चांगलंच, पण ३ किलोवॅटच्या सहाच पॅनेलचे तीन-तीन केले तर प्रत्येक स्ट्रिंग १२५ व्होल्टच्या आसपास येते. इन्व्हर्टरची किमान व्होल्टेज मर्यादा त्याहून जास्त असेल तर तो सुरूच होणार नाही. वायरमनला बोलावण्याआधी इन्व्हर्टरची डेटाशीट (माहितीपत्रक) बघा.