ट्रान्झियंट फ्लो सिम्युलेशन: टाइम स्टेप ठरवताना या चुका टाळा

ट्रान्झियंट म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या प्रवाहाचं सिम्युलेशन वेळेच्या छोट्या टप्प्यांत पुढे सरकतं; असा एक टप्पा म्हणजे टाइम स्टेप. मागच्या केसमध्ये 0.001 सेकंद चाललं म्हणून इथेही तेच टाकायचं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. टाइम स्टेप आधी प्रवाहात काय घडतंय त्यावरून ठरते. मेशचा (प्रवाहाची जागा छोट्या सेलमध्ये विभागणाऱ्या जाळीचा) नंबर त्यानंतर.

समजा 2 सेंमी व्यासाच्या सिलिंडरवरून 2 मी/से वेगाने पाणी वाहतंय. स्ट्रूहाल नंबर (भोवऱ्यांची वारंवारता × व्यास ÷ वेग) साधारण 0.2 धरला तर भोवरे सुटण्याची वारंवारता 0.2 × 2 ÷ 0.02 = 20 हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन 0.05 सेकंदांचं. त्याला 100 स्टेप दिल्या की 0.0005 सेकंद. 50 स्टेपमध्ये भागेल असं वाटतं खरं, पण ड्रॅग (प्रवाहाच्या दिशेचं बल) लिफ्टच्या (प्रवाहाला आडव्या बलाच्या) दुप्पट वारंवारतेने हलतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला 25च येतात.

इथेच 0.01 सेकंद ठेवलं तर इम्प्लिसिट सॉल्व्हर (नव्या क्षणाची समीकरणं इटरेशन करत एकत्र सोडवणारा) कुरकुरही करणार नाही. रेसिड्युअल (समीकरणं सुटताना उरलेली चूक) छान उतरतील, पण भोवरे दबतील आणि लिफ्टचा ग्राफ जवळजवळ सपाट दिसेल. रन स्थिर आहे म्हणजे उत्तर बरोबर आहे, असं अजिबात नाही. फर्स्ट ऑर्डर (वेळेच्या हिशेबात कमी अचूक) इम्प्लिसिट स्कीम हे दबणं आणखी वाढवते, म्हणून अशा केसला सेकंड ऑर्डरच घ्या.

आता कूरांट नंबर तपासा: वेग × टाइम स्टेप ÷ सेलची लांबी. वेग इनलेटचा नव्हे, त्या सेलमधला. सिलिंडरच्या बाजूला 3 मी/से आणि सेल 0.5 मिमी असेल तर आपल्या 0.0005 ला तो 3 येतो. इम्प्लिसिटमध्ये आतली इटरेशन्स पुरेशी असतील तर हे चालतं. एक्स्प्लिसिट स्कीमला (फक्त मागच्या स्टेपवरून पुढची काढणारी), आणि व्यवहारात बाहेरच्या इटरेशनशिवाय चालवलेल्या पिसोलाही (दाब आणि वेग जुळवणारी पद्धत), तो 1 च्या खाली हवा. व्हीओएफमध्ये (पाणी आणि हवेसारख्या दोन पदार्थांमधला पृष्ठभाग टिपणारी पद्धत) त्या पृष्ठभागाजवळ 0.25 ते 0.5 च्या पुढे जाऊ नका.

प्रत्येक स्टेपमध्ये रेसिड्युअल किमान दोन-तीन ऑर्डर (म्हणजे 100 ते 1000 पट) खाली यायला हवेत. 20 इटरेशनची मर्यादा दर वेळी संपत असेल तर ती 50 करत बसू नका, स्टेप निम्मी करा. तीन इटरेशनमध्येच काम होत असेल तर स्टेप थोडी वाढवून बघायला हरकत नाही. निम्मी करूनही रेसिड्युअल त्याच जागी अडत असतील तर दोष बहुधा मेशचा किंवा बाउंड्री कंडिशनचा (कडांवर दिलेल्या अटींचा) असतो.

अ‍ॅडॅप्टिव्ह स्टेप (सॉल्व्हर स्वतःच लहान-मोठी करतो ती) लावली की काळजी मिटली, असंही नाही. स्टेप घसरत घसरत 10⁻⁸ वर आली, तर सगळ्यात मोठा कूरांट नंबर कोणत्या सेलमध्ये आहे ते आधी शोधा. बरेचदा भिंतीजवळचा एखादा चपटा, वाकडा सेल किंवा आउटलेटवरचा उलटा प्रवाह सापडतो. शिवाय बदलत्या स्टेपचा डेटा एफएफटीला (सिग्नलमधल्या वारंवारता काढणारं गणित) थेट देऊ नका, आधी समान अंतरावर आणा.

फिरणाऱ्या यंत्रांसाठी सुरुवात एका स्टेपला 1 अंशाने करा. 1500 आरपीएमला हे सुमारे 0.00011 सेकंद होतं.

निवडलेली स्टेप निम्मी करून तोच रन पुन्हा घ्या. सुरुवातीचा अस्थिर भाग सोडून भोवऱ्यांची वारंवारता आणि लिफ्टचा आरएमएस (चढउतार किती मोठे याचं माप) ताडून बघा. फरक 1-2 टक्क्यांत असेल तर मोठी स्टेप ठेवा. मेश बारीक केली तर ही तपासणी पुन्हा.

डेटा सेव्ह करताना एक गंमत होते. वरच्या केसमध्ये दर 100 स्टेपनी फाइल लिहिली तर ते अंतर बरोबर एका आवर्तनाचं भरतं, आणि अ‍ॅनिमेशनमध्ये भोवरे जागच्या जागी थिजलेले दिसतात. फाइल दर 10 स्टेपला लिहा, फोर्स आणि प्रेशरचे मॉनिटर मात्र प्रत्येक स्टेपला.